मफी मुश्किल

अण्णांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, मी लहानपणापासून भांडतच आले. ते लाड करत नाहीत म्हणून भांडावं लागतं, असं माझं म्हणणं. आणि माझ्या जिभेला हाड नाही, असं त्यांचं. त्यामुळे साताऱ्याहून हिवाळ्यापुरते आमच्याकडे बहारीनला आलेले अण्णा छातीत दुखतंय म्हणून हॉस्पिटलात दाखल झाले आणि अँजिओग्राफीच्या दुसऱ्या दिवशी एकदम गोड बोलायला लागले, तेव्हा आधी मला बरं वाटलं आणि मग संशय आला.

सकाळी मी खाली चहा घ्यायला गेले होते. वर येते तर डॉक्टर येऊन गेलेले. "काय म्हणाले?" विचारलं, तर अण्णा खिडकीकडे बघत म्हणाले, "भला माणूस आहे. खांद्यावर हात ठेवून बोलला." झालं, एवढंच. रिपोर्ट चांगलाच असणार, नाहीतर मला बोलावलं असतं, असं मी आपलं ठरवून टाकलं. नवरा मुलीला ईसा टाउनच्या शाळेत सोडून तसाच कामावर गेला होता. त्यालाही कळवलं, सगळं ठीक दिसतंय.

अण्णांनी बिनसाखरेचा चहा मुकाट्यानं प्यायला. एरवी त्याला धुणं धुतलेलं पाणी म्हणणारा माणूस! कप खाली ठेवून म्हणाले, "तू काम काय करतेस गं, नेमकं?"

मी उडालेच. इतकी वर्षं अण्णा लोकांना सांगत आले, "मुलगी एसीच्या कंपनीत आहे." मी दोनदा समजवायला गेले तर पेपर उघडून बसले होते. पण आज डोळे माझ्यावर लावून बसलेले. मग काय, मी खुर्ची ओढली.

"पार उत्तरेला जमीन खालून कायमची गोठलेली असते, अण्णा. तिच्यावर घर बांधलं की घरातली ऊब खाली उतरते, जमीन वितळते आणि घर खचतं. म्हणून जमिनीत नळ्या पुरतात. हिवाळ्यात त्या खालची उष्णता वर आणून बाहेरच्या गार हवेत सोडतात. पण आता तिथले हिवाळेही पूर्वीसारखे राहिले नाहीत, म्हणून कुठे कुठे यंत्रं लावून जमीन गार ठेवावी लागते. त्या यंत्रांचे हिशेब मी करते."

"इथं बसून? या वाळवंटात?"

"इथल्या सीफ भागातल्या ऑफिसात बसून. एसी लावून."

ते हसले. मग म्हणाले, "म्हणजे आतल्या माणसांच्या उबेनंच घर खचतं म्हणतेस. आणि ती ऊब काढायची ती एकदम?"

"एकदम कशी निघेल? थोडी थोडी. वर्षानुवर्षं."

"तेच म्हणतो मी. थोडं थोडंच बरं. माणसालासुद्धा एकदम काही सांगू नये." त्यांनी माझा हात हातात घेतला. माझा हात त्यांनी शेवटचा कधी धरला होता, देव जाणे. "जावयांवर उगीच चिडत जाऊ नकोस. पोरीशी मराठीत बोलत जा, ती इंग्रजीत उत्तर देईना का. आणि तू फार हुशार निघालीस हो. मी कधी बोललो नाही."

"अण्णा, काय हे अभद्र! निरोप घेतल्यासारखं काय बोलताय?"

तर शांतपणे म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय मला. मुश्किल आहे."

नळ्या काय, यंत्रं काय, मी इथं बडबडत होते आणि माझा बाप मरणाची बातमी पोटात घेऊन ऐकत होता! कसंबसं विचारलं, "अगदी काय म्हणाले ते? शब्द सांगा."

"इंग्रजी मला उमगलं नाही. मग मला कळावं म्हणून बिचारा हिंदीत बोलला. 'बाबा, दिल...' आणि मग 'माफी, मुश्किल'. दोनदा म्हणाला. माफी मागितली गं त्यानं माझी."

मी ओरडलेच. "अहो अण्णा! मफी! माफी नाही, मफी! इथल्या अरबीत मफी म्हणजे नाही. मफी मुश्किल म्हणजे काही अडचण नाही!"

त्यांचा विश्वास बसेना. "मग एवढं हळुवार कशाला बोलला? चांगली बातमी असं खांद्यावर हात ठेवून कोण सांगतं?"

आता माझाच माझ्यावर विश्वास उरला नव्हता. धावत गेले, नर्सच्या टेबलापाशी डॉक्टर उभे होते, त्यांना जवळजवळ ओढतच आणलं. तरुण बहारीनी माणूस. सगळं ऐकून त्यांचा चेहरा पडला. ते पलंगाशी खुर्ची घेऊन बसले. एकेक वाक्य बोलायचे, मी मराठीत सांगेपर्यंत थांबायचे आणि मग अण्णांनाच विचारायचे, तुम्हाला काय समजलं ते सांगा. अण्णा पाढे म्हटल्यासारखे म्हणाले, "रक्तवाहिन्या ठीक आहेत. गोळ्या घ्यायच्या. चालायचं. मीठ कमी." डॉक्टर मला विचारून मराठीत म्हणाले, "बाबा, काल्जी नाई." आणि मग छातीवर हात ठेवून, "माफी."

"मफी मुश्किल," अण्णा म्हणाले. डॉक्टर खो खो हसत गेले.

ते गेल्यावर मी मात्र फुटले. "मला लगेच का नाही सांगितलंत? एवढं मोठं एकट्यानं गिळून बसायचं? मी कोण आहे तुमची?"

अण्णा चादरीची सुरकुती सारखी करत राहिले. "तुझी आई गेली तेव्हा तुला फोन मीच केला होता. 'आई गेली, निघ', एवढंच म्हणालो आणि ठेवून दिला. तू तेव्हा इथं एकटीच राहायचीस. विमानात कशी बसली असशील, कुणी पाणी तरी विचारलं असेल का, हेच मनात येत राहतं. म्हटलं, माझ्या वेळेला तरी पोरीला नीट सांगायचं. हळूहळू."

त्यांच्या हाताला सुई लावलेली, मिठीही मारता येईना. मग मी पायाशी बसले आणि त्यांचे पाय चेपत राहिले. चेपता चेपता मी म्हणाले, "अण्णा, आज फार घाई केलीत. सांगायला वीस वर्षं तरी लावा."