आल्टोच्या रांगेतला हुंकार

आमची कॉयर, म्हणजे समूहगान मंडळी, दर मंगळवारी संध्याकाळी वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये जमते. हॉलच्या दाराशी विसरलेल्या वस्तूंचं एक खोकं आहे. तीन छत्र्या, एकच जंडल (इथली रबरी चप्पल) आणि एक कवळी! न्यायला कुणी येत नाही, भर मात्र पडत राहते. आमच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. यंदा आम्ही गाण्यांच्या जोडीला आयरिश गोष्टींची संध्याकाळ ठेवली, आणि खोकं भरून वाहायला लागलं.

मला तिथे नेलं वैशालीनं. ती पुण्याची, वेलिंग्टनला आयटीत आहे.

"ताई, दिवसभर दुकानात उभ्या असता, संध्याकाळी घरात बसता. चला, हीप्स ऑफ फन!"

"अगं, मला त्यांचं नोटेशन वाचता येत नाही."

"निम्म्यांना येत नाही, ताई. तोंड हलवतात!"

मला काही नुसतं तोंड हलवणं जमेना. शाळेत असताना मी हार्मोनियमच्या क्लासला जायचे, म्हणून घरी बसून प्रत्येक ओळीवर पेन्सिलीनं सा रे ग म लिहून काढलं. आल्टोच्या, म्हणजे खालच्या सुरातल्या बायकांच्या रांगेत माझ्या शेजारी जोन उभी राहते, वय वर्षं ऐंशी. तिनं विचारलं, हे काय? मी शिकवलं. महिन्याभरानं आमची संचालिका हेलन म्हणाली, "नोटेशनमधल्या बाराव्या बारपासून घेऊ या."

जोननं हात वर केला. "म्हणजे 'ग'पासून ना?"

*

थंडीत सगळ्यांचे घसे बसले. मी ज्येष्ठमधाच्या काड्या नेल्या आणि सांगितलं, चघळत राहा, रस हळूहळू गिळा. तेवढ्यात चर्चचे नवे पाद्री आमची ओळख करून घ्यायला आले. समोर तीस आजी-आजोबा, प्रत्येकाच्या ओठांच्या कोपऱ्यात विडीसारखी काडी! ते दारातूनच नमस्कारादाखल "किया ओरा" म्हणाले, "मी नंतर येतो" म्हणाले आणि गेले.

पुढच्या मंगळवारी ते परत आले. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "एक मिळेल? रविवारी प्रवचन आहे."

*

कार्यक्रमाला सगळ्यांनी काळे कपडे घालायचे, अशी हेलनची ईमेल आली. मी काळी साडी नेसून साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, संक्रांत होऊन किती दिवस झाले!"

"आई, इथे गायला काळंच घालतात."

"सगळे?"

"सगळे."

आईनं माझी साडी नीट न्याहाळली. मग म्हणाली, "मग तिळगूळ तरी वाट सगळ्यांना!"

कार्यक्रमानंतरच्या सपरसाठी, म्हणजे चहा-फराळासाठी, मी तिळाचे साठ लाडू वळले. आईचं ऐकलेलं बरं.

*

आता मायकलबद्दल सांगते. गोष्ट सांगणार होता तो. वय एक्याऐंशी, आयर्लंड सोडून पन्नास वर्षं झालेली, पण गोष्ट सांगताना आवाज अजून तिथलाच. हल्ली तो मधेच विसरायचा. मुलीनं त्याला मोठ्या अक्षरांत गोष्ट छापून दिली होती. त्यानं तो कागद घडी करून डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली घातला.

"कागदावरून वाचली तर ती बातमी होते," तो म्हणाला. "आणि या वेळी अडखळलो, तर पुन्हा गोष्ट सांगणार नाही. मुलीला तसा शब्द दिलाय."

तालमीत तो सांगू लागला. एका म्हातारीच्या दारात रोज संध्याकाळी समुद्र येऊन बसायचा, आणि ती त्याला चहा द्यायची. मला राहवेना. त्याच्या प्रत्येक वाक्यावर माझ्या तोंडून निघू लागलं, "हं."

आमच्या घरी तशीच रीत. वडील गोष्ट सांगायचे, आम्ही हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की वडील समजायचे, पोरं झोपली. गोष्ट तिथेच बंद!

हेलन पाण्याचा ग्लास घेऊन आली. "मीना, घसा ठीक आहे ना?"

मी रीत समजावून सांगितली. हेलन प्रेमानं म्हणाली, "खूप छान. पण कार्यक्रमात प्लीज नको. आधीच तो विसरतो." मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! मायकल मात्र नुसता माझ्याकडे बघत राहिला.

*

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. मायकलची मुलगी पहिल्या रांगेत, मांडीवर त्या कागदाची दुसरी प्रत. आमची तीन गाणी झाली, मग मायकल खुर्चीवर बसला. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

गोष्ट अगदी रंगात आली. एका संध्याकाळी समुद्र म्हातारीला म्हणतो, आज मी रिकाम्या हातानं आलो नाही. मायकलनं आपली मूठ पुढे केली. "आणि त्यानं मूठ उघडली..."

पुढे काही नाही. मूठ तशीच. हॉलमध्ये चिडीचूप. त्याच्या मुलीनं कागद उलगडला आणि ती उठायला लागली. हेलनचा चेहरा पांढराफटक. वैशालीनं सोप्रानोच्या रांगेतून माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या चपलांकडे.

आणि माझ्याही नकळत बाहेर पडलं, "हं."

पाठोपाठ जोन म्हणाली, "हं." मग आल्टोची अख्खी रांग. टेनर आणि बास, म्हणजे मागची पुरुष मंडळी, तर असे घुमले की खिडक्या थरथरल्या!

मायकलनं मूठ उघडली. "मुठीत होता तिच्या बुडालेल्या नवऱ्याचा तंबाखूचा पाइप. अजून पेटलेला!"

तिथून पुढे त्यानं एकाही वाक्याला आमची वाट पाहिली नाही, आणि आम्ही एकही वाक्य हुंकाराशिवाय जाऊ दिलं नाही. शेवटी शेवटी प्रेक्षकही सामील झाले. मुलीनं कागद पर्समध्ये ठेवून दिला.

सपरला मायकल माझ्याकडे आला. त्याच्या हातात तिळाचा लाडू. मी म्हटलं, "सॉरी मायकल, मला गप्प राहायला सांगितलं होतं. पण तुम्ही विसरलात, म्हणून..."

"विसरलो?" लाडू चावत तो म्हणाला. "छे! मला वाटलं, तुम्हाला झोप लागली."