ताईची न पेरलेली चूक

११ जानेवारी. शिंप्याने ताईच्या टेबलावर साडेचारशे रुपये ठेवले. दोन महिन्यांच्या शिकवणीची फी.

"सहामाहीला गणितात गचकली. पूर्वपरीक्षेत पास झाली तर पुढे शिकेल, नाहीतर काजाच्या मशीनवर बसवतो," तो म्हणाला. शेजारी त्याची मुलगी नखं कुरतडत उभी होती.

ताई म्हणजे कोणी मोठी बाई नव्हे. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. संध्याकाळी घरच्या पुढच्या खोलीत पाच मुलांना शिकवायची. तिची रीत उलटी होती. प्रश्नपत्रिका मुलांनी काढायची, ताईने सोडवायची आणि लाल पेनने तपासायची पुन्हा मुलांनीच. ताई मुद्दाम चुका पेरत असे. सापडलेल्या चुकीला एक पेन्सिल.

शिंप्याच्या मुलीला गणित येत नव्हतं असं नाही. दुकानातलं कापड ती उभ्या उभ्या तोंडी मोजायची. पण प्रश्नपत्रिका पुढे आली की पाचावर धारण बसायची. तीन आठवडे तिने लाल पेनाचं टोपणही काढलं नाही.

"ताई, तुमचं कसं चुकेल?"

"का? मी काय आभाळातून पडले?"

चौथ्या आठवड्यात चक्रवाढ व्याजाचं गणित होतं. दहा हजार, दर साल आठ टक्के, व्याजाची आकारणी सहामाही. ताईने झरझर सोडवलं. मुलीने कागद जवळ ओढला.

"सहा महिन्यांना आठ टक्के? असं व्याज मिळालं तर बाबा मशीन विकून बँकेच्या दारातच बसतील!"

मुलं खो खो हसली. ताईने कागद पुन्हा पाहिला. दर निम्मा करायचा ती खरोखरच विसरली होती.

"ही मी पेरली नव्हती गं."

"मग एका पेन्सिलीत भागायचं नाही. खरी चूक, दोन पेन्सिली!"

त्या दिवसापासून टोपण जे निघालं ते निघालंच. ताईचंही चुकतं आणि तरी ती कॉलेजात जाते, हे मुलीने पाहिलं होतं. पूर्वपरीक्षेत पहिला प्रश्न अडला, तेव्हा ती रडली नाही, दुसऱ्या प्रश्नाकडे वळली. शंभरात चोपन्न.

शिंपी गुणपत्रिका घेऊन स्वतः आला.

"काजं मीच करीन म्हणतो," एवढंच बोलला.

दोनपैकी एक पेन्सिल ताईने दिली. दुसरी अजून द्यायची आहे.