दादानं राजीनामा दिला नाई, थँक गॉड!

दोस्तहो, टेन्शन गेलं एकदाचं!

माझा दादा जर्मनीत वर्क व्हिसावर आहे. आज दुपारी त्याचा फोन आला. "कंपनी माणसं कमी करून राह्यली. मले म्हणते, स्वतः राजीनामा दे, नाईतर आम्ही काढतो."

बाबा लगेच म्हणाले, "देऊन टाक बाप्पा! काढलं म्हणून आपल्या समुद्रपुरात कळलं, तर तुले लग्नासाठी आलेलं स्थळ हातचं जाईन."

दादा सही करणारच होता. मी ओरडले, "थांब ना रे! आधी कोणाले विचार तरी!"

त्यानं तिथल्या कामगार संघटनेत फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं, "सही करू नको. स्वतः नोकरी सोडलीस तर बेकारी भत्ता अडकू शकतो. त्यांनी काढलं तर भत्ता तुझा हक्क आहे, इतकी वर्षं पगारातून त्याचाच विमा कापला गेलाय. व्हिसा ऑफिसला लगेच कळव, नवीन नोकरी शोधायला वेळ मिळतो."

ऐकून आई रडता रडता हसली.

आणि बाबा? आत्ता मुलीकडच्यांना फोनवर अभिमानानं सांगून राह्यले, "पोराले कंपनीच काढून राह्यली जी! त्यानं नाई सोडली!"

तुमच्या घरचं कोणी बाहेरदेशी असेल, तर त्याले आपले हक्क माहीत आहेत का? विचारलं का कधी?