शिळा साठा

सलीमने मला फसवलं, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. फसवलं मी, सलीमला. हे बायकोलाही ठाऊक नाही — तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. ओमानमध्ये, मस्कतजवळच्या अल खौदला आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. पैसा आणि व्हिसा अर्बाबचा, म्हणजे आमच्या ओमानी मालकाचा, गिऱ्हाइकं पटवणारा मी, प्रोग्राम लिहिणारा रत्नागिरीचा सलीम. पहिला प्रोग्राम अर्बाबच्याच, खाबुरा गावातल्या खजूर-गोदामात बसवायचा होता, वजनाचा आणि बिलाचा.

थोडं कामाचं सांगतो, कारण पाप त्यातच आहे. आपण लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देतो तो कंपायलर. दर वेळी सगळं नव्याने करायला अख्खी दुपार जाते, म्हणून न बदललेल्या भागांचा तयार माल साठवायचा आणि तोच पुन्हा वापरायचा. फक्त कंपायलर बदलला की साठा रिकामा करायचा — जुनं नव्याशी जुळत नाही. आणि कंपायलर आम्ही त्याच आठवड्यात बदलला होता.

"दादा, साठा रिकामा करून सगळं नव्याने बांधूया. संध्याकाळ होईल," सलीम म्हणाला.

"तुला सगळं ताजंच लागतं रे, नवाब."

"शिळं वाटण ताज्यात घातलं तर कालवण नासतं."

त्या दुपारी त्याला मस्कतमध्ये दार्सैतला भाड्याची एक खोली बघायची होती. बायको यायची होती ना त्याची. "जा तू," मी म्हणालो, "रिकामा करतो मी." किती मोठ्या मनाने म्हणालो!

तो गेला. मी रिकामा केला? छे. कंपायलर बदललाय का ते तपासू नकोस, अशी एक ओळ लिहिली — तेवढं मला येत होतं. जुन्याच साठ्यावर झटक्यात काम झालं. सीडी भरली आणि जेवून झोपलो.

दुसऱ्या दिवशी खाबुऱ्यात, बाजारातले व्यापारी बघायला जमलेले असताना, एकाच्या खजुराचं बिल दुसऱ्याच्या नावावर निघू लागलं. लोक हसले. अर्बाब हसला नाही.

"किसका गलती? नाम बोलो, खलास."

बोललो. "सलीम का. मैंने बोला था साठा खाली करो, इसने नहीं किया." सलीम शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. "बरं, दादा," एवढंच म्हणाला.

त्याचा व्हिसा रद्द झाला, देश सोडणं भाग होतं. तो गेला.

माझा राग अजून आहे — त्याच्यावरच. भांडला का नाही? मी टोमॅटोसुद्धा घासाघीस केल्याशिवाय घेत नाही, आणि हा आपल्या भाकरीसाठी दोन शब्द खर्च करत नाही? पण भांडता कुणाशी? दादा म्हणत होता तो मला.

माझं बरं चाललंय. धंदा वाढला, झोप लागते. दार्सैतची ती खोली रिकामीच राहिली होती. घरमालकाला भाड्यात खाली ओढून मीच घेतली. माझी बायको आली, मुलं इथेच वाढली. खिडकीतून वारा छान येतो. सलीमने बघूनच निवडली असणार.

कुणीतरी याचा जाब द्यायला हवा. कंपायलर बोलत नाही, अर्बाब वारला. उरलो मी, त्याच खिडकीशी बसलेला.