कोलाडच्या मामाचा अफगाण रस्ता

कॉलेजच्या कँटीनमध्ये मी सहज म्हणाले, "आमच्या मामाने तुमच्या देलारामला बुलडोझर चालवलाय." माझा अफगाण वर्गमित्र फरहाद देलारामचाच. त्याने चहाचा कप खाली ठेवला. "शनिवारी मामांकडे निघू या."

पुण्याहून अलिबागची एसटी पकडून पेणला उतरलो. बायकांच्या सवलतीत मला अर्धं तिकीट, फरहादला पूर्ण. त्यावरून तो अजून कुरकुरतो. स्टँडबाहेर मिसळ खाल्ली, मामीसाठी पापड घेतले आणि जवळच्या जोह्याला गणपतींचे कारखाने बघून आलो. भर थंडीतही तिथे मूर्ती वाळत असतात. फरहाद जपून मागे उभा राहिला, तर एक मावशी म्हणाल्या, "सोंड सोडून कुठंबी हात लाव रे!"

पेण ते मामाचं कोलाड मात्र कंबर सांभाळून. खड्डे, वळवलेला रस्ता, धूळ. फरहादने अदबीने विचारलं, "इथेही लढाई झाली होती का?"

भारताने देलारामपासून इराणच्या सीमेवरच्या झरंजपर्यंत रस्ता बांधला, तेव्हा मामा तिथे होता. इंजिनियर, ड्रायव्हर कामाला आणि भोवती आपले बंदूकधारी जवान. मामाने तिथल्या वाळवंटात छावणीशेजारी वाल पेरले होते. आपल्याकडे भातानंतर पेरतो तसे, पाणी न देता! तिथले मजूर पोट धरून हसले म्हणे. पण तिथलं सरकार बदलल्यापासून गावात लोक त्याला चिडवायचे, "तुझा रस्ता गेला की रे!" तेव्हापासून मामाने टीव्हीवर बातम्या लावणंच सोडलं होतं.

संध्याकाळी शेतात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला आणि भोवती जाळ. फरहादने बोटं चाटली. मामा काही जेवेना. शेवटी त्याने विचारलंच, "रस्ता हाय ना रे, का नाय?"

फरहादने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. ते डाळिंबांच्या ट्रकमध्ये होते, गाडी फरहादचा भाऊ चालवत होता. पूर्वी कच्च्या वाटेवर निम्मी डाळिंबं फुटायची, असं ते म्हणाले आणि त्यांनी फोन काचेकडे वळवला. समोर डांबरी रस्ता, ठिगळं लावलेला, आणि पुढे आणखी ट्रक.

"चालू हाय गो! बघ, चालू हाय!" मामा ढसाढसा रडला. मलाही आवरेना. मग डोळे पुसून लगेच, "पण कडंला माती साठलेय. पाऊस आला की खचंल. सांग त्यांना."

फरहादने सांगितलं. पलीकडून वडील हसत म्हणाले, "मग या ना तुम्ही, काढू दोघं मिळून."

रविवारी पुण्यात परतलो. जायचं असेल तर थंडीतच जा, पोपटी तेव्हाच मिळते. माझ्यापुरतं सांगायचं तर, मामाचा आता रोज फोन येतो. माझ्याशी जेमतेम दोन वाक्यं, मग "फरहादला दे." गाडी झरंजहून परत निघाली का, कुठवर आली, सगळं त्याला हवं असतं. ती घरी पोचल्याचं कळेपर्यंत तो ताटावर बसत नाही, असं मामी सांगते.