बाळंतिणीचा शेक

कोळशाच्या गोळ्यांबद्दल आजकाल कुणी कौतुकानं बोललं ना, की माझं डोकं फिरतं. म्हणे काय ती काटकसर, काय ते घरगुती जळण! एकदा हात घालून बघा म्हणावं त्या काल्यात. कोळशाची खर, शेण आणि चिकणमाती पाण्यात कालवायची, लाडवाएवढे गोळे वळायचे, पत्र्यावर वाळवायचे. नखांतला काळा रंग काही केल्या निघायचा नाही. शाळेत मी डबा भिंतीकडे तोंड करून खायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही नाशिक रोडला राहायचो, वडील सातपूरला कारखान्यात होते. गॅस म्हणजे साहेब लोकांची चैन, आमच्याकडे शेगडी. दर उन्हाळ्यात आई वखारीतून खर आणायची, म्हणजे पोत्यांच्या तळाला उरलेला कोळशाचा चुरा, आणि पावसाळ्याची बेगमी करून ठेवायची. त्या वर्षी ताई पहिल्या बाळंतपणाला यायची होती. बाळंतिणीला रोज कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, मग बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून अंग शेकायचं. पहिलं बाळंतपण माहेरचं. त्यात काही उणं राहिलं तर लेकीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. आईनं स्वतः ऐकलं होतं, म्हणून तिला फार धास्ती.

वडिलांचा वखारवाल्यावर राग. "लुटतोय तो. आमच्याकडे ओतकामाच्या खात्यात काळी भुकटी ढिगानं फेकून देतात," म्हणाले, आणि ओळखीच्या टेम्पोतून पोतीच्या पोती आणून दारात टाकली. आईनं मूठभर भुकटी हातात चोळली.

"अहो, ही जड लागतेय. वाळूसारखी कचकच करतेय."

"तुला काय कळतंय कारखान्यातलं? कोळसाच असतो त्यात."

झालं. विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपायचे.

वैशाखभर आईनं आणि मी गोळे वळले. वाळले तेही असे टणक आणि गुळगुळीत की शेजारणी बघायला आल्या. आता एखादा पेटवून बघावा की नाही? पण बाळंतपणासाठी म्हणून जे काढून ठेवलं, मग डिंक असो, आळीव असो, जुनेर असो की जळण, त्याला मूल हाती येईपर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आईनं पोती भरून कोपऱ्यात लावली आणि त्यांना हळदकुंकू वाहिलं.

ताईला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. आईनं शेगडी भरली, रॉकेल शिंपडलं. भडका उडाला, गोळ्यांतलं शेण जरा धुमसलं, आणि विझलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. लोखंड ओतायच्या साच्यांची जळकी वाळू होती ती, कोळसा औषधालासुद्धा नव्हता. वखारीत माल संपलेला. रेशनचं रॉकेल स्वयंपाकालाच पुरेना. शेजारणीकडे ढीगभर गोळे होते, पण वडिलांनी बजावलं, "कुणाच्या दारात जायचं नाही. माझी शोभा करू नका." ह्यांची शोभा! बाळंतीण लेक तिथं बाजेवर काकडत होती. कोमट पाण्याची आंघोळ आणि शेक नाहीच. ताईला थंडी वाजून ताप भरला.

विहीणबाई बारशाला आल्या. लेकराला घ्यायच्या आधी त्यांनी बाजेखाली हात घालून बघितला. थंडगार. त्यांनी काही विचारायच्या आतच वडील म्हणाले, "काय सांगू, हिला गोळेच नीट जमले नाहीत. हिच्या हाताला कुठलं आलंय वळण!"

चारचौघांत म्हणाले. ताईच्या देखत. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तोंड उघडणार, तोच आईनं माझा दंड घट्ट धरला. वडिलांचा शब्द बाहेरच्यांपुढं खोटा पाडायचा नाही, हे तिचं व्रत! जळो ते व्रत. विहीणबाईंनी तापानं फणफणलेल्या ताईला लेकरासकट त्याच दिवशी टांग्यात घालून नेलं.

पुढं ताईला पुन्हा दिवस गेले, तोवर ऐंशीचं दशक लागलं होतं आणि आमच्याकडे गॅस आला होता. आई मला घेऊन ताईच्या सासरी गेली. "या खेपेला पाठवा," विहीणबाईंना हात जोडून म्हणाली, "आता बटण फिरवलं की कढत पाणी. काही कमी पडू द्यायची नाही."

विहीणबाई म्हणाल्या, "मी कशाला अडवू? तिलाच विचारा."

ताई दाराशी उभी होती. तिनं आईकडे बघितलंसुद्धा नाही. "नको आई. गॅस आला म्हणून काय झालं? करणारे हात तुझेच ना?"

इतकी वर्षं तिनं वडिलांचं ते वाक्य खरं मानलं होतं. मी म्हणाले, "ताई, ती पोती कुणी आणली होती माहितीय का तुला?"

आई उठली. पदर सारखा केला. मला म्हणाली, "चल, बस चुकेल."