नमुन्याचा फोटो

"साचा मोडायचा न्हाई!" असं म्हणून सुभेदार दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करायचे आणि तिच्यातून गिऱ्हाइकाकडे बघायचे. गिऱ्हाईक आपोआप ताठ बसायचं. उमेदीची सगळी वर्षं लष्करात कारकुनी केलेला माणूस. कोरेगावात आम्ही दोघांनी डीटीपी सेंटर काढलं, तेही त्यांच्या लेखी पलटणच. मजकूर माझा, मशीन त्यांचं. सगळे त्यांना सुभेदार म्हणत. मी पूर्वी शाळेत होतो, म्हणून मी गुरुजी.

तुमच्याही पाहण्यात यंत्राशी अदबीनं वागणारं एखादं माणूस असेल. सुभेदार संगणक सुरू करण्याआधी चपला बाहेर काढायचे आणि बंद करताना त्याला "विश्राम" म्हणायचे.

सन्मानपत्रांचा साचा ही त्यांची करामत. मजकूर एकदाच टाइप करायचा. नावांची यादी वेगळी, आणि प्रत्येक नावापुढच्या रकान्यात फोटोच्या फाइलचं नाव. बटण दाबलं की ज्याच्या त्याच्या पत्रावर ज्याचा त्याचा फोटो बसायचा. पण त्या काळच्या संगणकात फाइलच्या नावाला अक्षरं मिळत आठच. निम्मं गाव जाधव, त्यात शिवाजी तीन. मग सुभेदार टोपणनावं घालायचे. एका सरपंचांच्या फाइलला 'बोक्या' नाव दिलं होतं आणि सरपंचांनी ते स्वतः पडद्यावर वाचलं. त्या दिवशी चहा आणि भजी दोन्ही मागवावी लागली.

रकाना कोरा राहिला की मशीन अडायचं. त्यावर त्यांनी तोडगा काढला. रकाना कोरा असेल तिथे नमुना म्हणून आपोआप त्यांचा स्वतःचाच फोटो बसायचा, गणवेशातला, झुपकेदार मिशांचा.

"जागा धरून ठेवायला," ते म्हणाले. "खरा मानूस आला की मी उठतो."

पण कधीकधी उठायचं राहून जाई. महिला मंडळाच्या प्रशस्तिपत्रांवर निम्म्या बायकांना मिशा आल्या, तेव्हा अध्यक्षीणबाईंनी आमचा जो उद्धार केला तो लिहिण्यासारखा नाही.

मग माजी सैनिकांच्या मेळाव्याची सन्मानपत्रं आली. त्यात एक हौसाबाई होत्या. नवरा सीमेवर शहीद झालेला, पत्र त्याच्या नावाचं. मेळाव्याला तीन दिवस असताना बाई कच्ची प्रत बघायला आल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण फोटो बघून त्या हसल्याच.

"आवं, ह्यो तर तुमीच हायसा! आमच्या मालकांना मिशा न्हवत्या."

"तुमी फोटो दिला न्हाई, मावशी."

"कुठला देऊ? एकच व्हता, त्यो वाळवीनं खाल्ला." हसू मावळलं. "लय वरसं झाली. आता डोळं मिटलं तरी तोंड नीट दिसत न्हाई. तुमच्या मशिनीत गावंल म्हनून आले."

दुसऱ्या दिवशी सुभेदार सकाळच्या एसटीनं मलकापूरला गेले. हौसाबाईंच्या नवऱ्याच्या तुकडीतला एक जण तिथे राहत होता. त्याच्याकडून तुकडीचा जुना फोटो आणला आणि बाईंना बोलावलं. चार रांगा जवान, सगळे सारखेच. बाईंचं बोट रांगेवरून फिरत फिरत एका ठिकाणी थांबलं.

"ह्यो. टोपी बगा, वाकडी. कवाच सरळ घातली न्हाई."

सुभेदारांनी जन्मात कुणाची वाकडी टोपी माफ केली नव्हती. ही केली.

स्कॅन केलेला चेहरा मसुराच्या दाण्याएवढा आणि साच्यातली चौकट तळहाताएवढी. मोठा करावा तर चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन. दिवसभर खटपट करून मी कंटाळलो. "द्या असाच," म्हणालो.

"असा दिला तर त्या बाईला जलमभर चौकोनच दिसतील," असं म्हणून त्यांनी तेवढ्या एका पत्रावर चौकट टपाल तिकिटाएवढी केली. चेहरा लख्ख उमटला.

"साचा मोडलात की, सुभेदार!"

"गप ऱ्हावा, गुरुजी. मोडला न्हाई. जरा सरकून बसलाय."

मेळाव्यात सगळ्यांच्या पत्रांवर ऐसपैस फोटो, हौसाबाईंचा तेवढा इवलासा. त्यांनी कागद नाकापर्यंत नेला, बराच वेळ बघितला आणि माइकसमोरच म्हणाल्या, "ह्योच." मागच्या रांगेत सुभेदार माझ्या कानाशी कुजबुजले, "उठलो बगा मी."

दोन वर्षांनी ते हृदयविकारानं गेले. शोकसभेच्या कार्डासाठी घरच्यांनी ट्रंका उपसल्या, पण बरा फोटो एकही सापडेना. मी म्हटलं, शोधू नका. सेंटरात आलो, चपला बाहेर काढल्या. साच्यात त्यांचं नाव घातलं, फोटोचा रकाना कोरा ठेवला आणि बटण दाबलं.

सुभेदार मिशांसकट जागेवर येऊन बसले. या वेळी त्यांना उठवायला कोणी येणार नव्हतं.